पुलाखालची आई

कोरियातल्या ज्योंजू शहरात, ओढ्यावरच्या जुन्या पुलाखाली बोमी सापडली. अंगात शाळेचा चांगला कोट, मांडीवर थर्मास, पाठ खांबाला टेकलेली. तिची आई मिरान धापा टाकत पायऱ्या उतरली आणि थोड्या अंतरावर थबकली. पोरगी रडत नव्हती. कुणाची तरी वाट बघत होती.

"अगं, सगळ्या इमारती पालथ्या घातल्या आम्ही. इथे काय करतेयस?"

"सूप आणलंय. समुद्री शेवाळाचं, सकाळचं." बोमीने थर्मास उचलून दाखवला. "बाळ झाल्यावर आई हेच पिते, म्हणून वाढदिवसाला करतात. तूच सांगितलंस. मग तिला नको द्यायला?"

सकाळी बोमी आपल्या वाढदिवसाचं सूप प्यायला कुरकुर करत होती, तेव्हा मिरान म्हणाली होती, पुलाखालून उचलून आणलंय तुला, परत नेऊन ठेवीन. त्यांच्याकडे घरोघरी मुलांना असंच म्हणतात.

"बोमी, ती गंमत होती. तुझी आई मीच आहे."

"मी तिघांना वेगवेगळं विचारलं. तुला, बाबांना, मावशीला. तिघांनी हाच पूल सांगितला. मावशी म्हणाली, माझी खरी आई तिथे भाताच्या वड्या विकते."

"मावशीचं काय ऐकतेस! आम्ही सगळेच चेष्टा करत होतो. लहानपणी माझी आई मलाही हेच म्हणायची."

"तुलापण इथूनच आणलं?"

"नाही गं."

"पण मी रडले ना सकाळी. तेव्हा का नाही सांगितलंस?"

तेव्हा तिघंही हसत होते. बोमीच्या बाबांनी तर त्या रडक्या चेहऱ्याचा फोटोही काढला होता.

"तू सकाळी खोटं बोललीस," बोमीने विचारलं, "की आत्ता बोलतेयस?"

मिरान तिच्या शेजारी ओल्या दगडावर बसली. तिने थर्मासच्या झाकणात सूप ओतलं. अजून वाफ येत होती.

"हे मी पिते. माझंच आहे ते."

बोमीने तिच्या मनगटावर हात ठेवला. "थोडंच पी हं. ती आली तर?"

मिरानने एक घोट घेतला. उरलेलं पुन्हा थर्मासमध्ये ओतलं आणि झाकण घट्ट लावलं, गार होऊ नये म्हणून.