वरणाचं द्रावण

बोंडअळीनं कापूस खाल्ला त्या वर्षी झरी जामणीकडच्या एका शाळेत साकेत सरांनी आठवीला द्रावण शिकवलं. मिठाचं पाणी गाळणकागदातून ओतत ते म्हणाले, "पाहा, कागदावर काही उरलं नाही. हे समांगी मिश्रण, म्हणजेच द्रावण."

जेवणाच्या सुट्टीत अपेक्षानं ताटातलं वरण त्याच कागदातून ओतलं. पिवळं पाणी सरसर खाली उतरलं. वर दोन मोहऱ्या राहिल्या.

"सर, आपल्या शाळेचं वरण बी द्रावणच आहे!"

पोरं खिदळली. सर तावातावानं स्वयंपाक करणाऱ्या लीलाबाईंकडे गेले.

"बाई, पोरांची डाळ जाते कुठं?"

"पोटात," वाढता वाढता लीलाबाई म्हणाल्या. "डाळ येते चाळीस लेकरांची. कापूस गेला तवापासून त्यायची लहानी भावंडं बी येऊन बसतेत. सत्तर होतेत. कोणाले उठवू, तुमीच सांगा."

सरांनी आपला डबा आणला आणि त्यातलं घट्ट वरण गुपचूप पातेल्यात ओतलं.

लीलाबाईंनी एक ताट त्यांच्यापुढं सरकवलं.

"बसा आता. एकाहत्तर झाले."