शेजारची जागा

लेकीच्या बाळंतपणासाठी परदेशी गेलेली बायको तिथेच वारल्याचा फोन पहाटे आला आणि दुपारी शिंपीकाका विमानतळावर उभे होते. “काका, परतीचं तिकीट दाखवा. त्याशिवाय विमानात बसू देता येत नाही,” काउंटरवरची मुलगी म्हणाली. काकांनी मापांच्या वहीतून घडी घातलेला कागद काढला, काकूंना घ्यायला यायचं म्हणून जपलेला. “अहो, हे काकूंचं तिकीट. तुमचं कुठंय?” “आम्ही बरोबरच येणार.” मुलीला हसू आलं. “संसार एक असला तरी तिकीट ज्याचं त्याला लागतं, काका! त्यांच्याच विमानाचं काढून देऊ? शेजारची जागा रिकामी आहे.” “द्या. खिडकी तिला असू द्या, नाहीतर रुसेल.” “काकू नशीबवान आहेत!” म्हणत तिने नवा कागद हाती दिला. काकांनी दोन्ही कागदांची एकच घडी घालून वहीत ठेवली. काकूंचं तिकीट रद्द करायचं राहूनच गेलं.