मुक्या देवाची हद्द

ओरोपोसच्या बाजाराच्या वाटेवर मुक्या देवाचं ठाणं होतं. त्याच्या हद्दीतून जाताना कुणी चकार शब्द काढायचा नाही, अशी रीत.

"आली हद्द! तेवढीच माझ्या कानांना विश्रांती," मिक्योन बायकोला चिडवायचा. हेगेसो डोळे वटारायची, पण गप्प राहायची. आणि हद्दीचा शेवटचा दगड मागे पडला रे पडला, की बोलणं तोडलं होतं तिथूनच सुरू व्हायची, "तर मी काय सांगत होते..."

तिला पुरून महिना झाल्यावर मिक्योन गाढवावर ऑलिव्हच्या टोपल्या लादून एकटाच बाजाराला निघाला. ठाणं त्याने मुकाट ओलांडलं. शेवटच्या दगडापलीकडे मात्र गाढवाला थांबवून तो कितीतरी वेळ उभा राहिला.

 

"संपली गं हद्द," तो म्हणाला. "बोल की आता."