अबू फहदचे हिवाळी टायर

नंदकुमारने अंगठ्याचं नख टायरमध्ये रोवून पाहिलं. नख रुतलं नाही. चारही टायरचं तेच. कडेला केसाएवढ्या भेगा होत्या. त्यांवरून त्याने काळं पॉलिश फिरवलं, तेवढ्यात बाहेर हॉर्न वाजला.

"अबू फहद आले," हाताखालच्या सलीलने दारातून सांगितलं. "एक नोव्हेंबर. कॅलेंडर चुकेल, हा माणूस चुकायचा नाही."

शुऐब्यातल्या त्या टायरच्या गोदामात नंदकुमार चौदा वर्षं स्टोअरकीपर होता. गिऱ्हाइकांचे जादा टायर सांभाळायला मागे एक एसी खोली होती, कारण इथल्या जुलैत पत्र्याखाली रबर पापडासारखं वाळतं. अब्बासना सगळे थोरल्या मुलावरून अबू फहद, म्हणजे फहदचे वडील, म्हणत. त्या मुलाच्या लाल स्पोर्ट्स गाडीचे हिवाळी टायर ते दर एप्रिलला इथे ठेवत आणि नोव्हेंबरला नेत. कुवेतमध्ये बर्फाचा प्रश्नच नव्हता. पण पाऊस वर्षातून पाच-सहा वेळा पडायचा आणि रस्त्यावरचं साचलेलं तेल, धूळ सगळं एकदम वर यायचं. तेव्हा मऊ रबर आणि खोल खाचा लागायच्या.

तीन वर्षांपूर्वी हे टायर निवडायला अब्बास दोन तास बसले होते. दिसतो कसा, टिकतो किती, काही नाही. एकच प्रश्न फिरवून फिरवून: ओल्या रस्त्यावर सगळ्यात लवकर कोणता थांबतो? शेवटी नंदकुमारनेच हात ठेवून सांगितलं होतं, हा घ्या, डोळे मिटून घ्या.

आणि यंदा त्यानेच ते भाजून ठेवले होते.

झालं असं, की जुलैत कीर्तनकार विजयाताई भारतात गेल्या आणि कीर्तन मंडळाची पेटी, तबला, वीणा त्याच्या स्वाधीन करून गेल्या. बंद घरात, एसीशिवाय वाद्यांचं मातेरं झालं असतं. थंड खोली भरलेली. देवाचंच काम, म्हणून त्याने अब्बासचे टायर दोन दिवसांसाठी मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये काढले आणि वाद्यं आत ठेवली. तिसऱ्या दिवशी त्याची स्वतःची दीड महिन्याची रजा सुरू झाली. ती संपवून विमानातून उतरला, उन्हाचा भपकारा तोंडावर आला, तेव्हा आठवलं.

अब्बास नेहमीसारखे पिकअप घेऊन आले होते. गाडी ते कधीच आणत नसत. बसवणं घरीच होई. त्यांनी एकेका टायरवरून तळहात फिरवला. नव्या टायरवर असतात ते रबराचे बारीक केस अजून शाबूत होते.

"मुलगा गाडी फार जपून चालवतो तुमचा," नंदकुमार म्हणाला. काहीतरी बोलायला हवं होतं.

अब्बास किंचित हसले. त्यांच्या वडिलांचं मुंबईला येणंजाणं असे, त्यामुळे हिंदी घरात मुरलेली. "नंदूभाई, टायर ठीक हैं ना?"

"ठीक हैं."

"तुमने बोला, तो बस."

चारही टायर पिकअपमध्ये चढले. नंदकुमारने दोरी बांधली आणि हात पुसले. काळं पॉलिश निघता निघेना.

शुक्रवारी सालमियात विजयाताईंच्या घरी कीर्तन होतं. नंदकुमार नेहमीप्रमाणे झांजेवर. पदर खोचून उभ्या राहिलेल्या विजयाताई आधी सगळ्यांना म्हणाल्या, "पेटी कशी सुरात राहिली बघा. ही नंदूभाऊंच्या थंड खोलीची कृपा." लोकांनी माना डोलावल्या. नंदकुमारने खाली पाहिलं.

मग आख्यान रंगलं. देवळातल्या समईच्या तेलात पाणी मिसळणाऱ्या पुजाऱ्याची गोष्ट. दिवा तडतडू लागला तेव्हा तो म्हणाला, वारा आहे. विजयाताई थांबल्या आणि हलकेच म्हणाल्या, "अरे बाबा, देवाला अंधार चालतो. लपवाछपवी चालत नाही."

त्यांनी पद उचललं. टाळ पडले. झांज पडली नाही.

"नंदूभाऊ, समाधी लागली का?" मागून कुणीतरी म्हणालं. सगळे हसले. खिडकीबाहेर ढग भरून आले होते. मोबाइलवर संध्याकाळच्या पावसाचा अंदाज होता.

त्याने प्रसाद घेतला नाही. गोदामात जाऊन त्याच मापाचे चार नवे टायर व्हॅनमध्ये टाकले, बिलाच्या चिठ्ठीवर स्वतःचं नाव लिहिलं आणि अब्बासच्या घराचा, फहाहीलचा रस्ता धरला. वाटेत काचेवर चार थेंब पडले. एक लाल गाडी बाजूने सुसाट गेली, तेव्हा त्याचे डोळे मिटता मिटता राहिले. पांडुरंगा, एवढ्यात पोराला बाहेर काढू नकोस, एवढंच तो घोकत राहिला.

दार अब्बासच्या पत्नीने, मुनिराबाईंनी उघडलं.

"गाडी? गाडी बाहेर गेली आहे का?"

"नाही," त्या म्हणाल्या. "आत आहे."

तो आत गेला. गॅरेजमध्ये झाकण घातलेल्या गाडीशेजारी स्टुलावर अब्बास बसले होते. नंदकुमारने उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. पेटी, शेड, रजा, भेगा, पॉलिश. काही गाळलं नाही.

"मी खोटं बोललो, अबू फहद. नवे आणलेत, आत्ता बदलतो. फहदला सांगा, पाऊस थांबेपर्यंत गाडीला हात लावायचा नाही. त्याला काही झालं असतं तर मी कुठल्या तोंडाने..."

अब्बास रागावले नाहीत. ते उठले आणि त्यांनी झाकण ओढलं.

लाल पत्रा ड्रायव्हरच्या सीटपर्यंत चेपलेला होता. त्यावर तीन-चार वर्षांचा गंज चढला होता. खाली चारही चाकांना ते टायर, पुसून लख्ख केलेले.

"तो गेला त्या गुरुवारी सकाळी टायर बदलायलाच निघाला होता," अब्बास म्हणाले. "मीच म्हटलं, आधी पाऊस तर पडू दे."