ताशी पंचेचाळीस लिटर

"ताशी पंचेचाळीस लिटर? अहो बाई, ही पेट्रोल पिते की त्यानं आंघोळ करते?"

बाई हसल्या. "ते सुद्धा बेतानं चालवली तर. दामटली की नव्वद. उगाच खोटं कशाला सांगू?"

मीटरवाल्यांनी वहीत नव्वद लिहून खाली दोन रेघा मारल्या. पस्तीस वर्षं घरोघर पाण्याचे मीटर वाचून ते निवृत्त झाले होते, पण आकडा ऐकला की टिपून घ्यायची खोड काही सुटली नव्हती. समोर शेडमध्ये ट्रेलरवर लाल, लांबुडकी स्पीडबोट उभी होती. बाईंचे यजमान तिच्यातून शर्यतीत उतरायचे. त्यांना जाऊन तीन वर्षं झाली होती, आणि बाईंनी पेपरात 'विकणे आहे' म्हणून जाहिरात दिली होती.

आता खरं काय ते सांगून टाकलेलं बरं. मीटरवाल्यांना बोट घ्यायचीच नव्हती. त्यांना साधं पोहताही येत नव्हतं.

बायको गेल्यापासून रविवार त्यांना खायला उठायचा. लेक सासरी, लांब, फोनवर "जेवलात का बाबा?" एवढं विचारून ठेवून द्यायची. मग एकदा ते सहज कुणाची तरी जुनी मोटार बघायला गेले, तर काय! बसायला खुर्ची, हातात चहा, आणि तासभर माणूस त्यांच्याशी मनापासून बोलत होता. गिऱ्हाईक झालं की लोक विचारतात, हे गुपित त्यांना म्हातारपणी कळलं. तेव्हापासून दर रविवारी जाहिरात बघायची आणि निघायचं.

बोटी सगळ्यांत बऱ्या. नाही म्हणायला कारण तयार असतं. "घेईन हो, पण हत्ती घेणं सोपं, चारा कुठून आणायचा?" म्हणून पेट्रोलचा हिशेब मांडायचा आणि उठायचं. कुणाला राग येत नाही. फक्त एक पथ्य पाळायचं: इंजिनाचं झाकण उघडू द्यायचं नाही. झाकण उघडलं की मालक इंजिन चालू करून दाखवतो, मग पाण्यात एक चक्कर, आणि मग बोट गळ्यात पडलीच म्हणून समजा.

बाकी ठिकाणी ते एकदाच जायचे. इथं हा पाचवा रविवार होता.

"भरल्या टाकीत किती वेळ जाईल?" त्यांनी विचारलं.

"दोनशे लिटरची टाकी. साडेचार तासांपेक्षा थोडं कमीच धरा. आणि मीटरवाले, दोन माणसं बसली तर आणखी थोडं जास्त लागतं."

"दुसरं माणूस कुठून आणू?" ते म्हणाले आणि हसायला गेले, पण ते हसू काही जमलं नाही.

बाईंनी न विचारताच दुसरा चहा ओतला. साखर कमी. त्यांच्या लक्षात होतं.

मीटरवाल्यांना स्वतःची लाज वाटली. ही बाई बिचारी एकटी, गिऱ्हाईक येईल म्हणून सकाळपासून अंगण झाडून, बिस्किटं मांडून बसते, आणि आपण? बोलाचीच कढी अन् बोलाचाच भात. खरं सांगावं, तर उद्यापासून हे दार बंद. नको म्हणावं, तरी बंदच. आणि हे दार बंद झालेलं त्यांना सोसणार नव्हतं.

फंडाचे पैसे बँकेत पडून होते. कुणासाठी ठेवायचे?

"बाई," त्यांनी वही मिटली. "घेतो मी बोट."

बाईंचा कप ओठांपाशीच थांबला. "काय?"

"घेतो म्हणालो. चालवायला शिकवाल ना? तेवढं शिकेपर्यंत येत जाईन."

"अहो, एवढी घाई कसली?" बाई गडबडल्या. "पेट्रोलचा विचार केलात का? महिन्यात चार फेऱ्या मारल्या तरी पेन्शन बुडेल. शिवाय जुनं इंजिन, सांगितल्यापेक्षा जास्तच खाणार. वाऱ्याविरुद्ध तर विचारू नका!"

असा विक्रेता मीटरवाल्यांनी जन्मात पाहिला नव्हता. त्यांना आणखीच चेव आला. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी आपलं पथ्य मोडलं.

"मग उघडा झाकण. चालू करूनच बघू."

ते उठून ट्रेलरकडे निघाले, तशा बाई आडव्या आल्या. त्यांचे डोळे भरले होते.

"नको हो. यांच्यानंतर कुणी हात नाही लावला त्याला. मला आज नाही बघवायचं."

मीटरवाले जागच्या जागी थिजले. म्हणजे बाईंना बोट द्यायचीच नव्हती! नवऱ्याची एवढीच एक खूण उरली होती, आणि आपण ती घेऊन निघालो होतो.

"चुकलं माझं," ते म्हणाले. "राहू दे. मला घाई नाही."

"पुढच्या रविवारी या," बाई पदरानं डोळे पुसत म्हणाल्या. "वाऱ्याविरुद्ध किती लागतं ते नीट काढू. मग ठरवा."

"येतो की!" मीटरवाल्यांचा जीव भांड्यात पडला. फाटकापर्यंत ते रमतगमत गेले, तिथून वळून हात केला, आणि घरी पोचेपर्यंत स्वतःशीच गुणगुणत राहिले.

बाईंनी कप विसळले. तेवढ्यात फोन वाजला. बंदराजवळच्या गॅरेजवाल्याचा होता.

"काकू, दोन वर्षांपूर्वी तुमच्या बोटीचं इंजिन मी विकत नेलं होतं ना, त्याचं माहितीपुस्तक घरात असेल तर पाठवता का? पेट्रोल किती खातं, तेच कळत नाहीये."

"पुस्तक आहे," बाई म्हणाल्या, "पण ते नाही द्यायची मी. मला दर रविवारी लागतं."