दुधाचा मणी

प्रयागबाई एकटीच आली, तेव्हाच आक्काबाईच्या मनात पाल चुकचुकली.

मणी परत करायची रीत ठरलेली होती. ज्या बाळंतिणीच्या गळ्यात तो असेल तिनंच, लेकरू कडेवर घेऊन, यायचं आणि स्वतःच्या हातानं आक्काबाईच्या ओंजळीत सोडायचा. मोहिनी आली नव्हती. तिची सासू आली होती, लोणीहून एसटीनं, कमरेला पुरचुंडी खोचून.

"सून कुठंय?"

"लेकराला सर्दी झालीय. गार वाऱ्याचं कुठं आणायचं?"

"आमच्या पिंपळवंडीत बर्फ पडतंय काय?"

प्रयागबाई हसली नाही. तिनं पुरचुंडी सोडली. पांढऱ्या दगडाचा मणी, हरभऱ्याहून थोडा मोठा. बाजारातले लोक त्या दगडाला हकीक म्हणत. या घरात तो दुधाचा मणी होता. पान्हा फुटत नाही त्या बाईच्या गळ्यात बांधायचा. साबण लावायचा नाही, मिठाजवळ ठेवायचा नाही. कच्च्या दुधात बुडवायचा आणि मऊ फडक्यानं पुसायचा.

आक्काबाईनं तो नाकाशी नेला. इतक्या बायकांच्या दुधाचा, घामाचा आंबूस वास त्याला कायमचा लागलेला होता. याला कसलाच वास नव्हता.

"मोहिनीनं साबणानं धुतला," प्रयागबाई घाईनं म्हणाली. "आजकालच्या पोरी. सांगून ऐकत्यात व्हय?"

आक्काबाईचा अंगठा मण्याच्या भोकाभोवती फिरला. एकदा फिरला, पुन्हा फिरला.

"साबणानं वास जाईल, बाई. भोकाशी उडालेला टवका कसा भरून आला?"

आतल्या खोलीत बाळ रडत होतं. रडून रडून त्याचा आवाज बसला होता. आक्काबाईची नात अश्विनी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती आणि तिला अजून दूध उतरलं नव्हतं. जावयानं आणलेला पावडरीचा डबा फळीवर होता. संध्याकाळपर्यंत वाट बघायची, नाहीतर डबा फोडायचा, असं ठरलं होतं.

आक्काबाईनं प्रयागबाईला दंडाला धरून स्वयंपाकघरात नेलं आणि आवाज खाली आणला.

"माझा मणी कुठं ठेवलास?"

"ठेवला न्हाई, आक्का. हरवला."

"कधी?"

"नेला त्याच दिवशी. घरी जाऊन बघती तर पदराची गाठ सुटलेली. एसटीत पडला का रस्त्यात, देवाला ठाऊक. मोहिनी दाराकडं डोळं लावून बसलेली. तिला काय सांगू? बाजारात रुद्राक्ष घेऊन एक माणूस बसतो, त्याच्याकडनं तसलाच आणला आन् बांधला."

"मग?"

"पान्हा फुटला. लई दूध. शेजारणीच्या पोराला पाजलं, येवढं. तिला अजून ठाऊक न्हाई. तुमी तिच्यादेखत बोलला असता, म्हणून तर एकटी आली."

"मला शिकवू नकोस. चांगला मणी घरात ठिवायचा आन् म्हातारीला काच द्यायची."

"लेकराच्या डोक्यावर हात ठिवून सांगते..."

"लेकरू आणलं न्हाईस, म्हणून बरी शपथ सुचली."

प्रयागबाईच्या डोळ्यांत पाणी आलं. आक्काबाईला त्या पाण्याचाही भरवसा वाटेना.

"आजी," आतून अश्विनीची हाक आली. "मणी आला ना गं?"

प्रयागबाईनं घाईनं डोळे पुसले.

आक्काबाईनं फळीवरच्या डब्याकडं पाहिलं. मग हातातल्या मण्याकडं. लहानपणी अश्विनी तिच्या मांडीवर बसून जुन्या मण्याच्या टवक्यात नख अडकवत राहायची. तिला नुसतं आला म्हणून भागणार नव्हतं.

"आला," आक्काबाई म्हणाली. "आणते. कच्च्या दुधातनं काढते आन् आणते."

तिनं मणी पाट्यावर ठेवला. भोकाची कड वर केली, दोन बोटांत घट्ट धरली आणि वरवंट्याचं टोक बेतानं मारलं. टक. अंगठ्यानं चाचपलं. पुन्हा एकदा, टक.

"आक्का, ह्ये काय करताय?"

"तिकडं तोंड कर."

मग तिनं फ्रीजमधली आंबुसलेली साय बोटावर घेतली, मण्याला चोळली, टवक्यात दाबली आणि फडक्यानं वरवर पुसली. ओवलेला दोरा घेऊन ती आत गेली.

अश्विनीनं डोळे मिटून मान पुढं केली. गाठ बसताच तिचा हात मण्यावर गेला. नखानं टवका शोधला. मणी नाकाला लावला.

"हाच," ती म्हणाली, आणि तिचे आवळलेले खांदे खाली आले.

बाळ छातीशी गेलं. चुळबुळलं, सोडलं, किरकिरलं, पुन्हा धरलं. दारात प्रयागबाई पदर तोंडाशी धरून उभी होती. बऱ्याच वेळानं बाळाचं किरकिरणं थांबलं आणि खोलीत घुटक्यांचा आवाज येऊ लागला.

"आजी," अश्विनी हळूच म्हणाली, "मघाशी काय ठोकत व्हतीस गं?"

"सुंठ."

शब्द तोंडातून गेला आणि आक्काबाई जागीच थांबली. याच खोलीत, पहिल्या बाळंतपणात, तीही अशीच भिंतीला टेकून बसली होती. स्वयंपाकघरातून दोनदा टक टक झालं होतं. मग सासू मणी घेऊन आत आली होती. आक्काबाईनंही विचारलं होतं, आत्याबाई, काय ठोकत होता? सासूनं तिच्याकडं न बघता हेच उत्तर दिलं होतं.

त्या दिवशीच्या पेजेला सुंठेचा वास नव्हता.