बंद केलेली ओळ

पप्पा गेले. पुण्यानुमोदन उरकलं, पाहुणे पांगले, तशी सम्यकने लॅपटॉपच्या स्क्रीनवरच्या विजेटच्या छोट्या चौकटीतली 'पप्पांची पावलं' ही ओळ बंद करून टाकली. बायपासनंतर पप्पा रोज किती चालतात, ते त्यांच्या मोबाइलवरून ऑफिसात बसल्याबसल्या कळावं म्हणून त्यानेच ते विजेट लिहिलं होतं. आता तिथलं शून्य त्याला बघवत नव्हतं.

आणि आज संध्याकाळी बघतो तर काय, बंद ओळीतला आकडा वाढत होता!

"च्यायला, बंद केलीय ना तुला!" तो चरफडला. ओळ पुन्हा बंद केली, विजेट नव्याने लावलं, लॅपटॉपसुद्धा बंद करून चालू केला. आकडा आपला वाढतोच. शेवटी विजेटची स्क्रिप्ट वरपासून चाळताना घोळ सापडला. ऑपरेशनच्या धास्तीत त्यानेच लिहून ठेवलं होतं, की ओळ बंद असली तरी दर मिनिटाला मोबाइलला विचारत राहा आणि पावलं पडली की आकडा दाखव.

ते खोडायला त्याने बटणावर बोट ठेवलं आणि तो थबकला. विचारणारा सापडला, पण उत्तर कोण देतंय?

तेवढ्यात आई घामाघूम होऊन घरात आली. कमरेला खोचलेला पप्पांचा मोबाइल काढून तिने टेबलावर ठेवला.

"अगं, हा घेऊन कुठे गेली होतीस?"

"कॉलनीला फेऱ्या मारत होते. परवा ते शून्य बघून तुझं तोंड एवढंसं झालं होतं रे."